ओसाड वाडीची सहल

नकाशाच्या कोपऱ्यात खुणा दिल्या होत्या. भरलेलं वर्तुळ म्हणजे वस्ती. रिकामं वर्तुळ म्हणजे ओसाड पडलेली वस्ती.

○

परिषदेच्या हॉलमध्ये लोणावळ्याची चिक्की बनारसच्या प्राध्यापकांच्या दातांना फुटेना. नकाशे काढणाऱ्या कर्णिकने ती दाराच्या फटीत धरली आणि दार ओढलं. मग सगळ्यांनीच तसं करायला सुरुवात केली. हॉलच्या उंबऱ्यात गुळाचा भुगा आणि मुंग्या.

○

महिपतीच्या अंगावरचा कोट वसतिगृहातल्या जोडीदाराचा होता. बाह्या आखूड. खिशात डांबराच्या दोन गोळ्या राहून गेलेल्या.

○

वैशाखात उंबरधार वाडीची माणसं घरांची छपरं उतरवतात. कुजलेलं गवत काढून टाकतात, उंदीर हाकलतात, वासे उन्हात तापू देतात. छपरं उतरली की त्या दिवशी वाडीत चूल पेटवायची नाही. घरातलं सगळं वाघोबाला दाखवायचं असतं, म्हणून भांडी, सुपं, कांबळी, गुरं, कोंबड्यासुद्धा पठारावरच्या राईत जातात. माणसं तिथंच रांधतात, तिथंच निजतात. दुसऱ्या दिवशी खाली येऊन नवं गवत चढवतात.

○

मडक्याच्या तोंडावर ओलं फडकं. फडक्यावर उपडा घातलेला जर्मनचा पेला.

○

"भूगोल म्हणजे चालणं," चक्रदेव सर पहिल्या तासाला सांगत. "जो चालत नाही त्यानं इतिहास घ्यावा." वर्गात दर वर्षी हशा पिके.

●

सहासष्टच्या डिसेंबरात लोणावळ्यात भूगोलाची परिषद भरली. शाळेला नाताळची सुट्टी होती, म्हणून शाळेचाच हॉल घेतला होता. भिंतीवर बाराखडीचे तक्ते तसेच राहिले होते आणि त्यांच्या खाली निरनिराळ्या विद्यापीठांनी आपापले नकाशे टांगले होते.

पुण्याच्या बाजूने आलेल्या एका पथकात तिघं होते. चक्रदेव सर, विभागाचे प्रमुख. कर्णिक, जो नकाशे काढी, फोटो काढी आणि कशावरही विनोद करी. आणि महिपती असवले, टाकवे बुद्रुकच्या भिमाजी असवल्यांचा मुलगा, सरांचा संशोधक विद्यार्थी. निबंधावर सरांच्या नावाखाली त्याचं नाव होतं. असवल्यांच्या घरातल्या कुणाचंही नाव तोवर छापून आलं नव्हतं. जूनमध्ये विभागात अध्यापकाची एक जागा निघणार होती. सर तसं उघड बोलले नव्हते, पण परिषदेला निघताना म्हणाले होते, "निबंध नीट पार पडू द्या, मग पुढचं बोलू."

निबंधाचा विषय, हलत्या वाड्या. सरांचं म्हणणं असं की लोहमार्ग आणि हमरस्ता झाला तशी मावळातल्या डोंगरावरची वस्ती हळूहळू खाली सरकते आहे आणि वरच्या वाड्या ओस पडताहेत. पुराव्याला एक फोटो. पडद्यावर तो मोठा करून दाखवला. एका सपाटीवर घरांचे नुसते सांगाडे, उघडे वासे, खाली वाशांच्या सावल्यांचे पट्टे. माणूस नाही, कुत्रंही नाही.

"उंबरधार," सर म्हणाले. "पूर्णपणे निर्मनुष्य."

टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर बसलेल्या महिपतीने टाळ्या वाजवल्या नाहीत. स्वतःच्या निबंधाला वाजवत नसतात, असं त्याने मनाला सांगितलं.

○

वैशाखातला तो दिवस.

तीन आठवडे पथक आंदर मावळात हिंडत होतं. सर, कर्णिक, महिपती आणि जीपचा ड्रायव्हर. ओस पडलेली वाडी काही मिळत नव्हती. जिथे जावं तिथे माणसं, चुली, भांडणं, बारशी. सरांचं बोलणं कमी कमी होत गेलं. त्या दिवशी सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते. कर्णिकचे विनोदही बंद पडले होते. जीप टाकव्याला ठेवून चौघं चढ चढले आणि वर येऊन बघतात तो उघडे वासे.

सरांनी हॅट काढली. खरंच काढली, देवळात शिरल्यासारखी.

"असवले," ते म्हणाले, "तुम्ही इथले. काय झालं असेल?"

सपाटीच्या कडेवरून खाली टाकवे दिसत होतं. स्वतःच्या घराची कौलं महिपतीला ओळखू येत होती. लहानपणी बापाबरोबर तो गवताचे भारे न्यायला या वाडीवर आला होता. वैशाखात इथे छपरं उतरतात, हे त्याला आज कुणी शिकवायला नको होतं.

पण तीन आठवड्यांनी सरांचा चेहरा उजळला होता. घरी आलेल्या पाहुण्याला जे आवडतं ते ताटात वाढावं, तसं त्याला झालं.

"उठून गेले, सर."

"कुठं?"

"खाली. रस्त्याकडं."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अख्ख्या शिक्षणात त्याच्या खांद्यावर कुठल्याच मास्तरांनी हात ठेवला नव्हता. हात जड होता आणि घामेजलेला होता, आणि तो बराच वेळ तिथंच राहिला.

कर्णिकने फोटो काढला.

●

तर टाळ्या. त्या थांबल्यावर बनारसचे प्राध्यापक उठले. परिषदेतले सगळ्यांत वडीलधारे तेच. त्यांनी निबंधाची स्तुती केली आणि म्हणाले, हे गाव मला डोळ्यांनी पाहायचं आहे.

"अवश्य," सर म्हणाले. "उद्या दुपारी सहल आहेच. कार्ल्याऐवजी उंबरधारला नेऊ या सगळ्यांना. थोडं चालावं लागेल."

"असवले," सकाळच्या चहाच्या वेळी कर्णिक चिक्की फोडत म्हणाला, "उद्या गाईड तुम्हीच. बसभर विद्वान. एखादं भूत असलं तर बांधून ठेवा हो, नाहीतर म्हणतील निर्मनुष्य कसलं!"

महिपती हसला. मग पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, आणि स्टेशनावर जाऊन पुण्याकडची गाडी धरली.

●

कान्हे स्टेशनापासून टाकव्यापर्यंत चालत. गावात शिरायच्या जागी तो थांबला. आई, सरुबाई, ओट्यावर पाठमोरी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. हाक मारली असती तर वळली असती. मग कोटाकडे बघितलं असतं, चहा टाकला असता, विचारलं असतं की मधेच कसा आलास. तो नदीच्या अंगाने, बाभळींच्या आडून पुढे गेला. स्वतःच्याच गावातून चोरासारखं जाताना त्याच्या लक्षात आलं की गावातली कुत्रीसुद्धा त्याच्यावर भुंकत नाहीत. ओळखतात.

वाडीवर धूर होता. छपरं जागच्या जागी होती, उन्हापावसाने काळपट झालेली. कोंबड्या होत्या. निर्मनुष्य वाडीत बाया नावाची एक बाई नाचणी पाखडत होती आणि तिचा सासरा कोंडू, वाडीतला थोरला, दारात दोरी वळत बसला होता.

"कोन? भिमाजीचं पोर न्हवं?"

"होय आबा. महिपती."

"कोटात वळखलं न्हाई. लगीन ठरलं का काय?"

बायाने सूप तोंडाशी धरलं आणि हसली. कोंडूचा पुतण्या गेणू पलीकडून आला. गेणू दोन पावसाळे रेल्वेच्या गँगमध्ये काम करून परतला होता, आणि तेव्हापासून त्याच्या बोलण्याला धार आली आहे असं वाडी म्हणे.

"सायब आलं," गेणू म्हणाला. "आता आमचं काय चुकलं?"

महिपतीने खिशातून फोटो काढला. तो हातोहात फिरला.

"आपलीच वाडी हाय," कोंडू म्हणाला. "वैशाखातली. हे माजं घर, ह्यो गेण्याचा वासा, वाकडा. पर आमी कुटं हाय?"

"तुम्ही देवाला गेला होता."

"मंग थांबायचं की. दुसऱ्या दिशी आलो आमी."

गेणूने फोटोखालच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय?"

"लिहिलंय... की या वाडीत आता कुणी राहत नाही."

एक कोंबडी फोटोजवळ आली, काही खायचं आहे का बघून गेली.

"आबा, ऐकलं का?" गेणू म्हणाला. "आपून मेलो. वैशाखातच. येवढं म्हयनं झालं, कुनी सांगितलं न्हाई."

"तरीच," बाया म्हणाली, "दोन भाकरी खाऊन पोट भरत न्हाई माजं."

सगळे हसले. खूप हसले. कोंडूला ठसका लागला. कुणी चिडलं असतं तर महिपतीला सोपं गेलं असतं.

"आनि हे लिवलं कुनी?" गेणूने विचारलं.

"आमच्या सरांनी. आणि मी."

हसू जरा ओसरलं. महिपतीने घाईघाईने बाकीचं सांगून टाकलं. उद्या दुपारी मोठी माणसं येणार, लांबलांबची, बसमधून, वाडी बघायला.

"कुनाला बगाया?" कोंडू म्हणाला.

"कुणी नाही, ते बघायला."

"मोटारीत बसून," गेणू सावकाश म्हणाला, "कुनी न्हाई त्ये बगाया येनार."

"आनि आमी दिसलो तर?" कोंडूने विचारलं.

"तर सरांची अब्रू जाईल. आणि मला पुण्यात मास्तरकी मिळणार आहे, ती मिळणार नाही."

आतल्या अंधारात कोंडूची चुलती चिमाबाई बसली होती, वाडीतली सगळ्यांत म्हातारी. महिपती आल्यापासून तिकडे बघत नव्हता. ती त्याच्याकडेच बघत होती.

"एक दिसाचं काय, जाऊ की वर," ती आतून म्हणाली. "वाघोबा काय नगं म्हननार हाय? पोराची लाज हाय."

"व्हय," कोंडू म्हणाला. "वर जायाचं काय, जाऊ. चूल न्हाई पेटवायची. कोंबड्या नेऊ. कुत्र्यांस्नी बी."

त्याने हे अशा सुरात म्हटलं की जणू शेजाऱ्याने बैल मागितला आहे. महिपती तसाच उठून निघाला असता तर एवढ्यावर भागलं असतं.

"पन आबा," गेणू म्हणाला, "फोटूत छपरं न्हाईत."

सगळ्यांनी परत फोटो बघितला.

"मानसं न्हाईत आनि छपरं हायेत, मंग त्ये काय म्हनतील? मोटारीतलं मानूस येडं असतंय, पन इतकं न्हाई."

"छपरांचं राहू द्या," महिपती म्हणाला.

"फोटूसारखं दिसाया पायजे न्हवं का पन?" कोंडूने विचारलं. चिडून नव्हे. काम काय आहे ते नीट समजून घ्यावं म्हणून.

ऊन कलत होतं. कान्ह्याची गाडी चुकली असती. महिपतीने फोटो कोंडूच्या हातातून घेतला, खिशात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवला.

"तसं दिसलं तर..." तो म्हणाला, आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

"भाकर खाऊन जा," बाया म्हणाली.

"गाडी आहे."

○

त्या उतरणीवर जी वाक्यं तयार झाली आणि कुणालाच ऐकवली गेली नाहीत ती अशी :

छपरांना हात लावू नका.

सर, मला तेव्हाच माहीत होतं.

आबा, यंदाचं गवत बैलांचं आहे ना?

सर, ती माणसं आहेत. बाया नावाची एक बाई आहे, ती तुमच्या निबंधावर हसली.

आई, मी मागून गेलो. ओट्यावर होतीस.

○

(जूनमध्ये ती जागा महिपती असवल्याला मिळाली. परिषदेचा ग्रंथ छापून आला तेव्हा त्यातल्या नकाशात उंबरधारचं वर्तुळ रिकामंच होतं. हे इथे मध्येच सांगायचं कारण, पुढे ते सांगायला जागा नाही.)

○

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बस शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. महिपती पुऱ्या-भाजीची पुडकी वाटत होता. बनारसचे प्राध्यापक शाल गुंडाळून पहिल्या सीटवर बसले होते.

"चढ किती आहे?" त्यांनी विचारलं.

महिपतीने सांगितलं.

प्राध्यापकांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग मागे वळून मद्रासच्या कुणाला तरी काही म्हणाले. मद्रासकरांची बायको बरोबर होती, तिला लेणी बघायची होती. म्हैसूरचे एक जण म्हणाले की फोटो पाहिलाच आहे, उजाड जागेत पुन्हा काय बघायचं. कुणीतरी म्हणालं, हात वर करा. लेण्यांसाठी बसभर हात वर झाले. कर्णिकचाही झाला. पुन्हा चढायचा त्याला कंटाळा आला होता.

सर क्षणभर दारात उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता, हे महिपतीने पाहिलं. त्यांना खरंच दाखवायचं होतं. छपरं दर वैशाखात उतरतात हे सरांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्यापुरती ती वाडी खरोखर ओस होती आणि ती त्यांनीच शोधून काढली होती.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "कार्ला."

आत्ता सांगायला हवं होतं. सर, मला जरा उतरू द्या, मला टाकव्याला निरोप द्यायचा आहे. निरोप काय, तर या, खाली या, कुणी येत नाही. पुडकी अजून वाटायची होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

कार्ल्याच्या पायऱ्या चढताना सरांना धाप लागली. ते एका पायरीवर बसले. महिपती खाली धावत जाऊन पाणी घेऊन आला. पाणी कोमट होतं.

"असवले," सर म्हणाले, "त्या वाडीवरचं पाणी आठवतं? काय गार होतं हो."

"हो, सर."

"झऱ्याचं असणार."

महिपतीने रिकामा गडू घेतला आणि तो परत करायला पायऱ्या उतरून गेला. गडू परत करायची घाई नव्हती. पण सरांसमोर उभं राहवेना.

वर लेण्यात मद्रासकरांच्या बायकोने हत्तींवर हात फिरवला. म्हणाली, कसं जपून ठेवलंय लोकांनी.

●

तिसऱ्या दिवशी सकाळी आभार मानायचा कार्यक्रम होता. आभारात महिपतीचं नाव दोनदा आलं, असं नंतर कर्णिकने सांगितलं. तेव्हा महिपती उंबरधारचा चढ चढत होता.

त्याला वाटलं होतं एखाद-दुसरं छप्पर उतरवलं असेल.

सगळी उतरवली होती. वासे उघडे, खाली सावल्यांचे पट्टे. फोटोच. फक्त फोटोत आता माणसं फिरत होती. कोंडू आणि दोघं-तिघं पठारावरून भारे आणत होते. गेणू एका आढ्यावर पाय फाकून बसला होता आणि खालून फेकलेल्या गवताच्या पेंढ्या झेलून दोरीने आवळत होता. गवत पिवळंधमक, यंदाचं. कार्तिकात कापून बैलांसाठी रचून ठेवलेलं. जुनं उतरवताना तुटून गेलं होतं, त्याचा भुगा वाडीभर पसरला होता.

"आलं, आलं," बाया ओरडली. "पोर आलं."

कोंडूने भारा टाकला. त्याच्या कानांना मफलरसारखं फडकं बांधलेलं होतं.

"आलतं का पावणं?"

सगळे थांबले. गेणूही.

"आले होते," महिपती म्हणाला.

"किती?"

"बसभर."

"मंग? काय म्हनलं?"

"म्हणाले..." त्याने वर वाशांकडे बघितलं. मग सुचलं. "अगदी फोटोसारखं आहे म्हणाले."

कोंडूचं तोंड उजळलं. तो वळून वरच्या माणसांना ओरडला, "फोटूसारखं म्हनलं रं!" पठाराच्या बाजूने कुणीतरी आरोळी दिली. बायाने कमरेवर हात ठेवले आणि उघड्या वाशांकडे अशा कौतुकाने पाहिलं की जणू ते तिने विणले आहेत.

"रातच्याला लय गार पडलं," ती म्हणाली. "राईत जाळ क्येला मोठा. वाघोबाला बी ऊब झाली असंल."

"कड्यावरनं बगत व्हतो आमी," आढ्यावरून गेणू म्हणाला. तो महिपतीकडेच बघत होता. "दिसभर. पाळीपाळीनं. टाकव्याच्या रस्त्यानं धूळ उडाली न्हाई."

महिपतीने मान खाली घातली. पायाशी जुन्या गवताचा भुगा होता, काळा, मऊ.

"आनि हितं खाली पायाचं ठसंबी न्हाईत. बसभर मानसं म्हंजे..."

"गेण्या, गप," चिमाबाई म्हणाली.

ती तिच्या घरात बसली होती. घर म्हणजे चार बाजूंना कुडाच्या भिंती आणि वर आभाळ. अंगावर गोधडी, गोधडीवर उन्हाचे पट्टे. "चालत आलं असतील. थोर मानसं चालत्यात. ठसं काय, वारं पुसून नेतंय."

गेणूने तिच्याकडे पाहिलं, मग महिपतीकडे, आणि मग खाली हात पसरला. "पेंढी," तो म्हणाला. कुणीतरी पेंढी फेकली. काम सुरू झालं.

महिपतीने कोटाची बटणं सोडायला घेतली. जवळ पडलेल्या दोरीचं टोक उचललं.

"ऱ्हाऊ द्या की," कोंडू म्हणाला. "उसना दिसतोय. खराब झाला तर मानसाला काय सांगाल?"

"काढून ठेवतो."

"ऱ्हाऊ द्या म्हंतो न्हवं. तुमी पावणं. बसा तितं." आणि त्याने महिपतीच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

आजवर ज्या वाडीत सगळे त्याला तू म्हणत, त्या वाडीत तो पाहुणा होऊन बसला. नव्या गवताचा वास येत होता. खालच्या उतारावर बैल चरत होते, तिथे खाण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. तो तोंडातल्या तोंडात एक वाक्य जुळवत होता. सुरुवात कुठून करावी ते जुळत नव्हतं. 'आबा' इथपर्यंत ते दोनदा आलं.

"आबा," तो मोठ्याने म्हणाला.

"हां?" कोंडूने वळूनही पाहिलं नाही, तो गाठ मारत होता.

"काल... बस आली नाही."

कोंडूचे हात थांबले. गाठ अर्धी होती. अर्धी सोडता येत नाही म्हणून त्याने ती पुरी आवळली, मग बोटांना थुंकी लावून टोक आत खुपसलं.

"कुटं गेली मंग?"

"कार्ल्याला. लेणी बघायला."

"आसं," कोंडू म्हणाला.

तो पुढच्या वाशाकडे सरकला. आढ्यावर गेणूने पेंढीसाठी पसरलेला हात मागे घेतला. बाया भुगा झाडत होती, ती झाडतच राहिली, फक्त आता एकाच जागी.

"मंग फोटूसारखं कोन म्हनलं?" कोंडूने विचारलं.

महिपतीने हातातलं दोरीचं टोक खाली ठेवलं. कोंडूने पुन्हा विचारलं नाही. वरच्या माणसांना ओरडून सांगितलेलं आता परत कसं घ्यायचं, एवढंच बहुधा त्याच्या मनात होतं. कारण त्याने पठाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "वर काय सांगू नगासा. आनंदात हायेत."

चिमाबाई उठली. गोधडी सावरत कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेली. ओलं फडकं बाजूला केलं, पेला बुडवला, निथळून घेतला. हळूहळू चालत महिपतीपाशी आली आणि पेला पुढे केला.

"पी," ती म्हणाली. "चढून आलायस."

पाणी गार होतं. तेच.

वैशाखात सर्व्हेच्या दिवशी चिमाबाई वाडीतच होती. पाय सुजला होता म्हणून तिला देवाला नेलं नव्हतं, आणि चौघांनाही पाणी तिनंच दिलं होतं, सरांच्या हातात पेलासुद्धा तिनंच ठेवला होता.